गुण्यात नसलेल्या भिंती, बारा मिलिमीटरची काच

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या जुन्या घराचा तळमजला मोकळा करून तिथं सीएचं किंवा वकिलाचं ऑफिस थाटायचं ठरलं, की पहिली फर्माईश असते काचेच्या केबिनची. हौस असतेच, पण गरजही असते. घर अरुंद आणि खोल, मागं उजेड बेताचा. प्लायचं पार्टिशन घातलं तर भरदुपारी ट्यूब लावावी लागते. अडचण काचेची नसते, भिंतीची असते. दोन-तीन पिढ्यांचा गिलावा चढलेली भिंत ना ओळंब्यात, ना गुण्यात, म्हणजे काटकोनात. फरशीचा उतार मोरीकडे.

प्लाय असेल तर सुतार जागेवरच तासतो, उरलेली फट पट्टीनं झाकतो. टफन काचेला ही मुभा नाही. साधी फ्लोट काच आधी मापानं कापतात, कडा घासतात, कुलपाची नि कब्ज्याची छिद्रं पाडतात. मग भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी थिजतो. आतला मागाहून आक्रसताना त्याला आत ओढत राहतो. या कायमच्या ताणानं काच चार-पाचपट मजबूत होते. पण त्यानंतर तिच्यावर ड्रिल टेकवलं, की अख्ख्या काचेचा हरभऱ्याएवढ्या तुकड्यांत चुरा.

म्हणून या धंद्यातली खरी कारागिरी टेप धरण्यात आहे. फिटर रुंदी वर, मध्ये आणि खाली घेतो, उंची दोन्ही टोकांना, आणि सगळ्यांत लहान मापावर विश्वास ठेवतो. उरलेलं यू चॅनेल आणि सिलिकॉन पोटात घेतात. जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून जरा जास्त. कारखान्याला मात्र मिलिमीटरच लागतो. दाराचं छिद्र दोन सूत सरकलं, तर काच धरणारं पॅच फिटिंग बसत नाही आणि काच भंगारात जाते.

तीन बाय सात फुटांचं बारा मिलिमीटरचं दार सुमारे 58 किलोचं. सक्शन कप लावून दोघं ते बोळातून आणतात, खाली लाकडाची फळी टाकून टेकवतात. पृष्ठभागावर थाप बसली तर चालेल, कोपरा दगडी उंबऱ्याला लागता कामा नये. माडीवर लाकडी फळ्यांची जमीन असेल, तर दार आपोआप मिटवणाऱ्या फ्लोअर स्प्रिंगची पेटी पुरायला खोलीच मिळत नाही. तिथं हायड्रॉलिक पॅच वापरावा. दार बसलं, की डोळ्यांच्या उंचीवर फ्रॉस्टेड पट्टी चिकटवावीच. काच स्वच्छ पुसलेली असली, की पक्षकार सरळ तिच्यावर येऊन आदळतो.

काच या भागाला नवी नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंचा कारखाना 1916 सालचा. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी होता. पण ती तापलेला रस फुंकून आणि साच्यात घालून केलेली काच. वितळलेल्या कथिलावर तरंगत सपाट होणारी फ्लोट काच पिल्किंग्टन कंपनीनं 1959मध्ये जाहीर केली. आजची केबिन तिचीच.

आवाजाचं मात्र कुणी आधी नीट सांगत नाही. केबिनमधलं बोलणं काचेतून कमी, दाराभोवतीच्या फटींतून जास्त बाहेर पडतं. सील लावले तर फरक पडतो, तरी पेठेत साधं बोलणंही भांडण वाटावं इतकं खणखणीत! अशिलाची गुपितं जपायची, तर दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पडदा असलेली लॅमिनेटेड काच घ्यावी आणि भिंत छतापर्यंत न्यावी. अर्थात गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीपुढं तीही हात टेकते. त्या दिवशी ऑफिस बंदच असतं, आणि वकीलसाहेब तालमीच्या मांडवात.