वन-इलेव्हनला कोणी हरवले?

२२ ऑक्टोबर १९६३ रोजी विल्टशरमधल्या चिकलेड गावाजवळ बीएसी वन-इलेव्हनचे पहिले विमान कोसळले. चाचणी वैमानिक माइक लिथगो यांच्यासह सातही जण गेले. जवळच्या पल्ल्याच्या या ब्रिटिश जेटचा बाजार त्याच दिवशी बुडाला, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. इंजिने शेपटाशी आणि आडवा पंख उभ्या शेपटाच्या माथ्यावर, अशी त्याची रचना. नाक फार वर गेले की मुख्य पंखांमागची विस्कटलेली हवा नेमकी त्या माथ्यावरच्या पंखाला गिळते. मग वैमानिकाने दांडा कितीही पुढे रेटला तरी नाक खाली येत नाही आणि विमान जवळजवळ आडवेच खाली येत राहते. बीएसीने पंखाची पुढची कड बदलली, एलिव्हेटर यंत्रशक्तीवर चालवले आणि वेळीच दांडा स्वतःहून पुढे ढकलणारी यंत्रणा बसवली. माणसाच्या हातावर विसंबण्याची वेळच येऊ न देणारी ही यंत्रणा मला या विमानाची खरी कमाई वाटते. शिवाय हे धडे कंपनीने इतर विमाननिर्मात्यांपासून लपवले नाहीत.

अपघाताने उशीर झाला आणि तेवढ्यात अमेरिकेचे डीसी-९ पुढे गेले, हा आक्षेप तारखांपुढे टिकत नाही. वन-इलेव्हन एप्रिल १९६५ मध्ये सेवेत आले, डीसी-९ त्याच वर्षीच्या डिसेंबरात. अमेरिकनांनी घरचेच विमान घेतले म्हणावे, तर ब्रॅनिफ, मोहॉक आणि अमेरिकन एअरलाइन्स ही गिऱ्हाइके तिथलीच होती. अडले ते रोल्स-रॉइसच्या स्पे इंजिनापाशी. लांब केलेल्या ५०० मालिकेत त्याचा जोर १२,५५० पौंडांवर थांबला, तर डीसी-९चे जेटी८डी वाढत सुमारे १६,००० पौंडांपर्यंत पोहोचले. जोर वाढेल तसे विमान लांबवता येते. डीसी-९-५०मध्ये १३९ प्रवासी बसू शकत, ५०० मालिकेत फार तर ११९. ज्या कंपनीची गर्दी दरवर्षी वाढते, ती पुढे वाढू न शकणारे विमान कशाला घेईल? त्यात स्पेचा कर्कश आवाज. आवाजाचे नियम कडक होत गेले तसा तो जास्तच महाग पडू लागला. ब्रिटनमध्ये २३५ विमाने बनली, डीसी-९ मात्र ९७६. पुढे रोमानियाने परवान्याने उत्पादन सुरू केले, पण १९८२ ते १९८९ या काळात तिथून जेमतेम नऊ विमाने बाहेर पडली आणि तीही त्याच स्पे इंजिनांवर.