जिना चढून आलेली मदत

वादळ ओसरले की संकट टळले, असे आपल्याला वाटते. वृद्धांची खरी कसोटी मात्र पुष्कळदा त्यानंतरच सुरू होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील रेड हुक या किनारी वस्तीचा अनुभव म्हणूनच आपण जाणून घ्यावा असा आहे.

२९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री ‘सँडी’ वादळामुळे समुद्र या वस्तीत शिरला. तेथील मोठ्या सरकारी गृहसंकुलात हजारो लोक राहतात. खारे पाणी तळघरांतील यंत्रणेत गेले आणि अनेक इमारतींत दोन आठवड्यांहून अधिक काळ अंधार राहिला. वीज नाही म्हणून लिफ्ट बंद. पंप बंद म्हणून वरच्या मजल्यांवर पाणी नाही. त्यात थंडीची चाहूल. गुडघ्यांनी अधू झालेली, प्राणवायूच्या यंत्रावर किंवा इन्सुलिनवर अवलंबून असलेली माणसे आपल्याच घरात अडकून पडली.

‘रेड हुक इनिशिएटिव्ह’ या स्थानिक संस्थेच्या इमारतीत वीज टिकून होती. एरवी तरुणांसाठी काम करणारी ही जागा मदतकेंद्र बनली. तेथे गरम जेवण मिळे, मोबाइल चार्ज होत. ‘ऑक्युपाय सँडी’ या चळवळीचे स्वयंसेवकही धावून आले. परंतु जी माणसे खाली उतरूच शकत नव्हती, त्यांचे काय? स्वयंसेवक अंधारे जिने चढून दारोदार गेले, कोणाला कोणते औषध हवे ते विचारून आले आणि डॉक्टर-परिचारिकांना त्या दारांपर्यंत घेऊन गेले. वस्ती परिचयाची असल्यामुळेच कोणते दार ठोठवायचे, हे त्यांना उमगले.

आपल्या कोकणानेही ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ सोसले आणि त्यानंतर कित्येक गावांनी दीर्घकाळ विजेविना दिवस काढले. तेव्हा पुढील सिद्धता आपण आजच करावी.

इमारतीत किंवा वाडीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी असावी आणि प्रत्येकाची विचारपूस करणारा एक शेजारी ठरलेला असावा. दोन आठवड्यांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावेत. फ्रिज बंद पडल्यास आपले इन्सुलिन किती दिवस टिकेल, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. प्राणवायूचे यंत्र असेल, तर पर्यायी सिलिंडर कोठून मिळेल, हे घरातील सर्वांना ठाऊक असावे. पिण्याचे पाणी आणि विजेरी हाताशी असावी.

आणि ज्येष्ठांनो, मदत मागण्यात संकोच मानू नका. आपली गरज शेजाऱ्याला ठाऊक असेल, तरच तो वेळेवर जिना चढून येईल. ती त्याला सांगण्यासाठी वादळाची वाट कशाला पाहायची?