रंगाचे पाणी आणि पर्यावरणाचा इंजिनिअर

भाच्याने बारावीनंतर पर्यावरण अभियांत्रिकीला जायचे म्हटले, तेव्हा घरात सगळ्यांची तोंडे उतरली. कॉम्प्युटर नाही, सिव्हिल नाही, हे काय नवीन? कॉलेज लहान, खासगी. वर्गात जेमतेम वीस-बावीस मुले. फी मात्र मोठ्यांच्या तोलाची. मेहुणे म्हणाले, "भाईजान, तुम्ही बाजार पाहिलाय. तुम्हीच सांगा."

मी उर्दू शाळेत शिकलेला, कापड विकणारा माणूस. पण रंगाच्या पाण्यात धंदे कसे बुडतात ते ठाऊक आहे. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास हायकोर्टाने जानेवारी २०११ मध्ये तिरुपूरचे शेकडो रंगाई कारखाने बंद करायला लावले. माझा होजिअरीचा माल तेव्हा दोन महिने अडकला होता.

गोम मिठात आहे. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवायला मीठ लागते. फिटकरी, चुना टाकून गाळ खाली बसतो, मीठ पाण्यातच राहते. ते काढायला आरओ लागतो आणि उरलेले खारे पाणी आटवावे लागते. लहान रंगाईवाल्याला हा खर्च एकट्याने झेपत नाही. म्हणून सामाईक सांडपाणी प्रकल्प, आणि तो चालवायला जाणकार माणूस.

मी स्वतः कॉलेजात गेलो. इमारत नाही, प्रयोगशाळा दाखवा म्हटले. बीओडीची बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात, असे भाच्याकडून ऐकून गेलो होतो. इनक्युबेटर उघडायला लावला. आत तारखांच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या होत्या. एक यंत्र बुरख्यात झाकलेले होते, ते बंदच असावे. एआयसीटीईची मान्यता, विद्यापीठाची संलग्नता, शिष्यवृत्ती हे कागद पाहिले आणि होकार दिला. एक मात्र पालकांनी आधीच पाहावे: काही सरकारी जाहिरातींत सिव्हिलचीच पदवी मागतात.

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने आमच्या एका नातलगाच्या रंगाईतून पाण्याची बाटली भरून नेली. नदीत सोडायच्या पाण्यात सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवा. तो ९०० च्या वर निघाला.

"बाहेर कुणाला सांगितलंस का?" नातलगाने आधी हेच विचारले. आठवड्याने त्यांचाच फोन आला, "बेटा, फिटकरी किती टाकायची?"

"मामू, नुसत्या फिटकरीने भागणार नाही," भाचा मला म्हणाला. "त्यांना कसं सांगू?"