वाळवंटांतील घोडेस्वारी

करी रोड स्थानकावरून पश्चिमेकडे गेलें कीं थोड्याच अंतरावर महालक्ष्मीचें शर्यतीचें मैदान लागतें. १८८३ सालीं उभारलेल्या या मैदानावर एके काळीं अरबी घोडे धांवत. बसरा, कुवेत येथून जहाजांत चढवून व्यापारी त्यांना मुंबईच्या बाजारांत आणीत. प्रेक्षकांस दिसे तो त्यांचा वेग. परंतु ज्या वाळूच्या मुलखांतून ते येत, तेथें घोड्याची कसोटी वेगाची नसून दमाची असते. आणि तो दम राखणें सर्वस्वीं स्वाराच्या हातीं असतें.

राजस्थानांत थरच्या वाळवंटाच्या परिसरांत आजही हौशी प्रवासी मारवाडी घोड्यांवरून कित्येक दिवसांची भटकंती करितात. आंत वळलेल्या कानांचीं टोंकें एकमेकांस भिडणारा हा घोडा काटक खरा. पण उंटाप्रमाणें तो पाण्यावांचून फार काळ राहूं शकत नाहीं. एरव्हींही त्याला दिवसाला सुमारें २५ ते ४५ लिटर पाणी लागतें. उन्हांतील श्रमांनीं ही गरज पुष्कळच वाढते.

माणसाप्रमाणें घोडाही घामावाटें अंग थंड ठेवितो. मात्र त्याचा घाम माणसाच्या घामापेक्षां फार खारट असतो. पाण्याबरोबर मीठही निघून गेल्यानें रक्तांतील मिठाचें प्रमाण फारसें वाढत नाहीं. आणि तहान लागते ती मुख्यतः त्या वाढीमुळें. म्हणून शरीर सुकत असतांही जनावर कधीं कधीं पाण्याला तोंड लावीत नाहीं. नवखा स्वार समजतो, घोड्याला तहान नाहीं. आणि येथेंच घात होतो.

जाणता स्वार घोड्याच्या खांद्यावरील कातडी चिमटींत धरून सोडतो. ती तत्काळ पूर्ववत् झाली तर ठीक. वळी तशीच राहिली तर तेथेंच थांबून सावली, पाणी व मीठ द्यावें. तापलेल्या घोड्याला पाणी पाजूं नये, हा जुना समज आतां मागें पडला आहे. प्रत्येक पाणवठ्यावर त्याला पिऊं द्यावें. दाणा वाळूवर न टाकतां तोबऱ्यांतून द्यावा, कारण पोटांत गेलेली वाळू आंतड्यांत सांचून पोटशूळ उठतो. मऊ वाळूंत पाय रुततात. म्हणून भरधाव न सोडतां पहांटे संथ चालीनें निघावें, दुपारीं तंग सैल करून विसावा द्यावा आणि चढावर स्वारानें उतरून पायीं चालावें.

महालक्ष्मीच्या मैदानावर निकाल दोन-तीन मिनिटांत लागतो. वाळवंटांत तो लागतो संध्याकाळीं, मुक्कामीं पोंचलेला घोडा पाण्यांत तोंड घालतो तेव्हां.