पाणी कुठे अडलं?

गौरी जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी सातलाच नणंदेचा फोन. "वहिनी, भांड्यांच्या मशीनमध्ये पाणी तुंबलंय. मेकॅनिक म्हणतो, चार दिवसांनी येतो. उद्या पंचवीस पानं आहेत आणि मावशी गावाला गेल्यात. येतेस का?"

डोंबिवलीहून लोकल पकडली आणि ठाण्याला उतरून घोडबंदर रोड गाठला. खरं तर माझ्या घरी हे मशीन नाही. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कामवाल्या बायकांचं येणं थांबलं, तेव्हा ओळखीच्या बऱ्याच घरांत डिशवॉशर आला. मंडळातल्या दोघी-तिघींची मशिनं अडली, तेव्हा पुस्तिका वाचून मीही थोडीफार शिकले.

दार उघडलं, तर तळाशी चार बोटं गढूळ पाणी आणि वर तेलाचा तवंग. "बायकांनी हात लावू नये, इलेक्ट्रिकचं आहे," नणंदेचे यजमान म्हणाले. म्हटलं, भाऊजी, १८८६ साली अमेरिकेत पाण्याच्या जोरावर भांडी धुणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं ते जोसेफीन कॉक्रेन या बाईनेच! पण इलेक्ट्रिकचं म्हणालात ते खरं, म्हणून आधी प्लग काढला.

मग वाटीने आणि स्पंजने पाणी उपसलं. खालची जाळी बाहेर काढली. तळाशी गोल फिल्टर असतो, तो फिरवला की निघतो. त्यात काय नव्हतं! भाताची शितं, मोहरी, कढीपत्ता, लिंबाच्या बिया. जुन्या टूथब्रशने साबण लावून धुतला. फिल्टरखालच्या खळग्यात मात्र थेट बोटं घालू नयेत, काचेचा तुकडा असू शकतो. हातमोजा घालूनच बघावं. तिथे थोडंसं पाणी कायम राहतं, तो बिघाड नव्हे.

फिल्टर बसवून मशीन चालवलं. पंपाची घरघर ऐकू आली, पण पाणी हलेना. घरघर येते म्हणजे पंपाला वीज मिळते आहे, पाणी पुढे कुठेतरी अडलंय. आवाजच आला नसता, तर मात्र मेकॅनिकची वाट बघावी लागली असती. पुन्हा प्लग काढून मशीन पुढे ओढलं. गणपतीच्या साफसफाईत ते भिंतीला इतकं चिकटवलं होतं, की मागचा पाइप दुमडून गेला होता. सरळ केला. (मशीन नवीन असेल आणि पाइप सिंकच्या नळीला जोडलेला असेल, तर त्या जोडाचं आतलं बूच काढलंय का तेही बघा. आणि मशीनमध्ये भांडी घासायचं साधं लिक्विड घालू नका. फेसच फेस होतो आणि पंपाला पाणी ओढता येत नाही.)

या वेळी पाणी निघालं. आम्ही टाळ्या वाजवतोय, तोच ड्राय बाल्कनीतल्या नहाणीतून तेच पाणी वर आलं! मशीन बिचारं आता ठीक होतं, इमारतीचीच लाइन तुंबली होती.

खाली गेलो, तर चेंबर भरून वाहतंय. कुणीतरी एका पोराला बोलावून आणलं होतं. अंगात बनियन, हातात बांबूची पट्टी, पायात काही नाही. "पाच मिनिटांचं काम आहे, उतरेल तो," एक गृहस्थ म्हणाले. चेंबर चांगलं खोल होतं. माझ्या पोटात गोळा आला. २०१९ च्या मे महिन्यात याच ठाण्यात, ढोकाळीच्या एका गृहसंकुलात सांडपाण्याची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून गेले. आतला वायू दिसत नाही. उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही पडतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असं गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

"तो उतरणार नाही," मी म्हटलं. "सणाच्या दिवशी वास सहन करायचा का?" गृहस्थ चिडले. तेवढ्यात नणंद पुढे झाली. एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड न उघडणारी ती म्हणाली, "करू सहन. संध्याकाळपर्यंत आमच्या घरचं पाणी मी बंद ठेवते." तिच्यामागून आणखी तीन घरांनी मान डोलावली. मशीनची गाडी बोलावली, ती संध्याकाळी आली. तोवर त्या पोराला चहा आणि दिवसाची मजुरी दिली.

गाडीच्या पाइपने लाइन मोकळी केली, तेव्हा बाहेर निघाले तेलाचे घट्ट गोळे, भात आणि सॅनिटरी पॅड. आपल्याच घरांतलं सगळं! सिंकमध्ये गरम तेल सहज वाहून जातं, पण पुढे गार झालं की पाइपात थिजतं.

म्हणून मैत्रिणींनो, फिल्टर आठवड्यातून एकदा धुवा. मशीन असो वा नसो, ताटातलं खरकटं आधी ओल्या कचऱ्यात जाऊ द्या. तळणीचं उरलेलं तेल बाटलीत भरा. पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका.

दुसऱ्या दिवशी पंचवीस पानं उठली. नणंद प्रत्येकाला ताट निपटून द्यायला सांगत होती. पाहुणे हसत होते. ती हसत नव्हती.