पेटीवाल्यांसाठी कॅसिओ : सप्तक आणि वाटणी

स्नेहसंमेलनाची तालीम सुरू झाली की आमच्या महाविद्यालयात दोन वाद्ये बाहेर निघतात. एक पेटी आणि दुसरा कॅसिओ. वास्तविक कॅसिओ हे एका जपानी कंपनीचे नाव. तिने १९८० मध्ये ‘कॅसिओटोन २०१’ हे पहिले वाद्य बाजारात आणले. पण फैजपूर-यावलकडे काय किंवा जळगावात काय, यामाहाच्या वाद्यालाही लोक कॅसिओच म्हणतात. मीही तसेच म्हणणार आहे. पेटी वाजवणारे आमच्यात पुष्कळ. भजनी मंडळात बसून बोटे तयार झालेली असतात. हीच मंडळी कॅसिओपुढे बसली की पहिल्या पाच मिनिटांत कपाळाला आठ्या पडतात. त्यांच्यासाठी हा लेख.

पेटीत डावा हात भाता मारतो आणि उजवा गातो. कॅसिओला भाता नाही, म्हणून डावा हात रिकामा झाला. तसे हे नवीन नाही. गंधर्व नाटक मंडळीच्या काळात रंगभूमीवरच्या ऑर्गनचा भाता पायाने चाले आणि वादकाचे दोन्ही हात मोकळे असत. फरक एवढाच की कॅसिओ त्या मोकळ्या हाताला वेगळे काम आणि वेगळी जागा नेमून देतो. या नेमून देण्याला ‘स्प्लिट’ म्हणतात. मी वाटणी म्हणतो. शेताची होते तशीच ही पट्ट्यांची.

नेहमीच्या कॅसिओला ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके आणि वर एक. ताल-साथ, म्हणजे ‘स्टाइल’, सुरू केली की डावीकडच्या काही पट्ट्या गाणे वाजवत नाहीत. त्या फक्त कॉर्ड सांगतात. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेत ही हद्द कारखान्यातून ०५४ या क्रमांकावर येते. काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजल्या तर डावीकडून एकोणिसावी पट्टी, दुसऱ्या सप्तकातली काळी तीन. ती धरून १९ पट्ट्या डावीकडे आणि ४२ उजवीकडे. गंमत अशी की साडेतीन सप्तकांच्या पेटीलाही ४२च पट्ट्या असतात. म्हणजे उजवीकडे आपली अख्खी पेटी शिल्लक आहे, असे वाटते. इथेच घोटाळा होतो.

समजा, गाणारी मुलगी काळी पाचात गाते. तिचा षड्ज तेविसाव्या पट्टीवर. गाणे मंद्र पंचमाला उतरले की बोट अठराव्या पट्टीवर जाते, आणि ती हद्दीच्या डावीकडे! पंचम वाजत नाही, उलट साथीची कॉर्ड बदलते. मग तालमीत ठरलेले वाक्य ऐकू येते, “ताई, पांढरी एकात गाऊन बघ ना.” मला हे मुळीच पटत नाही. पट्टी गळ्याची असते. यंत्राची हद्द हलवता येते, गळ्याची नाही.

यावर पहिला उपाय हद्दच डावीकडे सरकवण्याचा. ‘फंक्शन’ बटन दाबत गेले की ‘स्प्लिट पॉइंट’ येतो. ०५४ चा ०४८ करावा. मंद्र पंचम वाचतो, पण डाव्या हाताला १३च पट्ट्या उरतात. दुसरा उपाय मला अधिक आवडतो. उजवा हात एक सप्तक वर, पस्तिसाव्या पट्टीवर न्यायचा आणि उजव्या आवाजाचे ‘ऑक्टेव्ह’ उणे १ करायचे. हात वर, आवाज मात्र जागच्या जागी. एक सप्तक खाली म्हणजे कंपनसंख्या निम्मी; स्वर तोच राहतो. मंद्र पंचम आता तिसाव्या पट्टीवर, हद्दीपासून लांब.

‘ट्रान्सपोज’ ही तिसरी गोष्ट, आणि पेटीवाले ती ऑक्टेव्हशी हमखास गल्लत करतात. ऑक्टेव्हचा एक आकडा म्हणजे पुरे सप्तक, ट्रान्सपोजचा एक म्हणजे फक्त अर्धा स्वर. स्केलचेंजर पेटीत पट्ट्या सरकतात तसेच हे. ज्याची बोटे पांढरी एकावरच बसलेली आहेत त्याने ट्रान्सपोज उणे २ करावे. वाजते काळी पाच. यात मंद्र पंचम हद्दीच्या अगदी उंबरठ्यावर, पण उजवीकडे पडतो. तीव्र मध्यम मात्र हद्दीवरच आहे, तेव्हा यमनच्या अंगाचे गाणे असेल तर सांभाळा.

आता डाव्या हाताला काय द्यायचे? चित्रपटगीताला कॉर्ड ठीक. पण बहिणाबाईंच्या ओवीखाली यंत्राने ढोलके आणि गिटार वाजवू लागले की मला तरी जात्याचा आवाज ऐकू येत नाही. अशा वेळी स्टाइल बंद करावी, वाटणी चालू ठेवावी, डावीकडे तंतुवाद्यांचा मऊ आवाज घेऊन तो हलका करावा आणि षड्ज-पंचम धरून ठेवावा. काळी पाचाला अकरावी आणि अठरावी पट्टी. दोन्ही डावीकडच्या १९ मध्ये बसतात. हद्द ०४८ वर नेली असती तर हा पंचम हातचा गेला असता. दुसरा उपाय आवडतो तो याचसाठी.

पुस्तिका वाचणाऱ्यांना एक इशारा. मधल्या ‘सी’ला यामाहा सी-३ म्हणते, इतर बरेच जण सी-४. पट्टी तीच. नावापेक्षा क्रमांक बघावा. मधला ‘सी’ दोन्हीकडे ६०.

राहिले विजेचे. खानदेशात ती कार्यक्रमाच्या ऐन मध्यावर जाऊ शकते, आणि साध्या यंत्रांत ही मांडणी बंद होताच पुसली जाते. ऑक्टेव्ह परत शून्य. म्हणून प्रत्येक गाण्याची चिठ्ठी यंत्राच्या कपाळावर चिकटवावी. माझ्या चिठ्ठीवर एवढेच असते : काळी पाच, उजवे ऑक्टेव्ह उणे १, हद्द ०५४, स्टाइल बंद, डावीकडे ११ व १८.