लारवूडने न मागितलेली माफी

नॉटिंगहॅमशायरच्या खाणकामगाराचा मुलगा हॅरॉल्ड लारवूड चौदाव्या वर्षी स्वतःही कोळशाच्या खाणीत उतरला. पुढे त्याच्या वेगाने भलेभले हादरले. १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात, लेगला क्षेत्ररक्षकांचे कडे उभारून फलंदाजाच्या अंगावर आखूड चेंडू टाकायचे, हा बेत ऑक्सफर्डला शिकलेल्या कर्णधार जार्डिनचा. लारवूडने ३३ बळी घेतले, इंग्लंडने मालिका ४-१ अशी जिंकली. गहजब झाला, तेव्हा एम.सी.सी.ची माफी माग, असे सांगण्यात आले ते मात्र लारवूडला! माझे वडील मजूर आहेत. मुकादमाची चूक कोणाच्या माथी येते, हे मी घरीच शिकलो. कर्णधाराचा हुकूम पाळला, यात गुन्हा कसला, म्हणत लारवूडने नकार दिला. इंग्लंडकडून तो पुन्हा खेळला नाही. १९५० साली तो सहकुटुंब सिडनीला गेला. तेथे बस्तान बसवायला त्याला मदत केली ती त्या मालिकेतील प्रतिस्पर्धी सलामीवीर जॅक फिंगलटनने.